अंबडचा ऑर्गन आणि मावशींची काळी चार

आधीच सांगते, या पोस्टमधली नावं बदललेली आहेत आणि कॉलनी कुठली ते विचारू नका. कारण पुढे कळेलच.

मला जुन्या पोर्टेबल ऑर्गनचं वेड आहे. झाकण लावलं की सूटकेस होणारे, लोखंडी पायांचे, ऑर्केस्ट्रावाल्यांचे ते ट्रान्झिस्टर ऑर्गन. आजवर भेटले ते सगळे मुके. त्यामुळे मागच्या पोस्टखाली एका वाचकाने ‘नाशिकला अंबडमध्ये एक आहे, चालू आहे’ असं लिहिलं, तेव्हा मला शनिवारपर्यंतही धीर निघेना. शुक्रवारचीच रजा टाकली.

पुण्यातल्या शिवाजीनगरहून सकाळची निमआराम एसटी घ्या. चाकणला गाडी हमखास रखडते, म्हणून खिडकीची जागा धरा. नारायणगावला चहा बरा आहे, वडा मात्र शिळा निघाला. नाशिकला उतरल्यावर आधी मिसळ खाल्ली, मग सीबीएसवरून अंबडची सिटी बस पकडली.

ऑर्गनचे मालक अण्णा कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. मूळचे सायखेड्याचे. पूर्वी जयंतीच्या कार्यक्रमांत ते ऑर्गन वाजवायचे आणि त्यांची बायको, कमलमावशी, गायच्या. दारातच “जयभीम ताई, या” म्हणाले आणि पाणी द्यायच्या आधी ऑर्गनवरची चादर काढली.

पहिली पट्टी दाबली आणि मी हसलेच. आवाज पातळ, नाकातला, जरा खरखरीत. पेटीसारखा भाता नाही, म्हणजे डावा हातही मोकळा. हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. लहानमोठा करायचा तो पायाखालच्या पेडलने. बोट उचललं की सूर जागच्या जागी तुटतो, मागे काही रेंगाळत नाही. सूर थरथरवणाऱ्या व्हायब्रेटोची खिट्टी पाडली तर फडताळातली भांडी वाजायला लागली. मी लहान मुलीसारखी एकेक खिट्टी पाडून बघत होते.

मग सवयीने पर्समधलं सूर मोजायचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. “अण्णा, हा सगळा अर्ध्या सुरानं उतरलाय. आत बारा सुरांचे बाराच स्क्रू असतात ना? मी चढवून देते.”

अण्णांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत मावशी भाकरी थापत होत्या.

“हात नका लावू,” ते हळूच म्हणाले. “मीच उतरवलाय. ती जन्मभर काळी चारमध्ये गायली. लोकांना सांगायची, ‘माझी काळी चार सुटली की स्टेज सोडीन.’ मागच्या जयंतीला वरचा सूर लागला नाय. घरी आली, म्हणली, आता बास. सहा महिने गुणगुणलीसुद्धा नाय. मग मी म्हणलो, अगं बाजाच बिघडलाय, दुरुस्त करतो.”

काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी. तिला सा धरून गायचं. ती पट्टी दाबली की आता ऑर्गनमधून तिच्या शेजारच्या पांढरी पाचचा सूर निघत होता.

“नुसतंच बोलताय का वाजवताय?” पदराला हात पुसत मावशी बाहेर आल्या. अण्णांनी काळी चार धरली. मावशींचा आवाज थोडा घोगरा झालाय, पण सुराला घट्ट. वरच्या सुरावर त्यांनी डोळे मिटले, आणि अण्णा पट्ट्यांकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. तो सूर लागला.

“माझ्या बरोबरीच्या साऱ्या खालच्या पट्टीत उतरल्या,” मावशी म्हणाल्या. “काय ओ ताई, तुमच्या मांडीवर सुराचं मशीन दिसतंय. काळी चारच हाय ना?”

अण्णा स्वच्छ पट्ट्या पुन्हा फडक्याने पुसायला लागले.

“काळी चारच आहे, मावशी,” मी म्हणाले आणि मांडीवरचं यंत्र बंद केलं.

“मग यंदा जयंतीला गाते,” त्या म्हणाल्या आणि मला जेवायला वाढायला गेल्या. भाकरी, मटकीची उसळ आणि झणझणीत ठेचा.

संध्याकाळच्या गाडीने परतले. मावशी गाताना मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग घरी पेटीसोबत लावलं. बरोब्बर पांढरी पाच. इतकं वाजवलं मी आयुष्यात, पण कुणासाठी इतक्या प्रेमाने काही बिघडवलेलं नाही, आणि मला त्या माणसाचा फार हेवा वाटला. पत्ता देणाऱ्या वाचकाला मी फोन केला, त्यांनी आपली कॉमेंट काढून टाकली आहे.

आता तुम्ही म्हणाल, रेकॉर्डिंग टाका. नाही टाकणार. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी पेटी आहे.