समुद्रावरचा पाहुणा आणि नवी विहीर

लोक शिकायला परदेशी जातात, तसा मीही गेलो. फक्त माझा परदेश म्हणजे वाशीम. माझा जन्म दार-ए-सलामचा. वडील तिथल्या बंदरावर कारकून होते. घरात मराठी बोलणं, कपाटात मराठी पुस्तकं, आणि मायदेश म्हणजे आईच्या बोलण्यात येणारं मामाचं घर. सत्तरच्या दशकात त्या मामाच्या भरवशावर मला वाशीमच्या कॉलेजात पाठवलं.

वर्गात माझ्या शेजारी बसणारा मित्र शेलूबाजारजवळच्या एका खेड्यातला. गेल्या महिन्यात तो गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी त्याच्या नोकरीबद्दल, सचोटीबद्दल बोललो. विहिरीची गोष्ट सांगता आली नाही. आधी हसू आलं असतं आणि मग ते हसू टिकलं नसतं. म्हणून ती इथे लिहितो.

रविवारी मला फिरवायचं काम त्याने आपण होऊन घेतलं होतं. वाशीममधली आमची करमणूक म्हणजे स्टेशनवर जाऊन गाडी पाहणं. गाडी यायची, आम्ही पाहायचो, गाडी जायची. परतताना तो विचारायचा, "तुमच्याकडं जहाजं अशीच येतात काय बे?" मी हो म्हणायचो. तेवढ्यावरून त्याने ठरवून टाकलं की मी पट्टीचा पोहणारा आहे.

मला पोहता येत नव्हतं. आमच्या घरी समुद्र ही खिडकीतून पाहायची वस्तू होती. आईच्या मते त्याच्या वाऱ्यानेसुद्धा सर्दी होते. हे मी मित्राला पुष्कळदा सांगितलं. दर वेळी तो बाकीच्यांकडे वळून म्हणायचा, "पाहा, गर्व नाही गड्याले."

दिवाळीच्या सुट्टीत तो मला त्याच्या गावी घेऊन निघाला. त्याच्या वडिलांनी उन्हाळ्यात खोदलेली विहीर पावसाळ्यात भरली होती. "पह्यली उडी तुही," तो एसटीत म्हणाला. "बापानं सांगून ठेवलं सगळ्यायले."

"अरे, मला खरंच पोहता येत नाही."

"कायले घाबरून राह्यला? इहीर हाय ते, समुद्र नाही."

शेतावर पोचलो तर सगळा बौद्धवाडा काठावर. पुरुषांच्या खांद्यावर पंचे, पोरं लंगोट लावून तयार, बाजूला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायला टाकलेले. गावच्या विहिरीच्या काठाशी या माणसांना कधी जाता आलं नव्हतं. दुसऱ्याने वरून ओतलं तरच घागर भरायची. वाड्यातली ही पहिली स्वतःची विहीर.

मित्राच्या वडिलांनी मला पुढे घेतलं. "लोकायनं वाढलेलं पाणी पेलो बाबू आजवर. हे आपल्या हातचं हाय. पह्यले पाव्हणा उतरन, मंग आमी. सकाळपासून कोणाले पाय लावू देला नाही."

मी वाकून पाहिलं. खाली पाणी काळंभोर आणि अगदी शांत होतं.

"काका, मला पोहता येत नाही."

सगळे कौतुकाने हसले. एक म्हातारी म्हणाली, "किती गरीब सोभावाचं पोरगं हाय."

शेवटी मी मित्राला बाजूला ओढलं. "तू आधी उडी मार. मी तुझ्या मागून उतरतो."

मित्राने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या चुलतभावाकडे पाहिलं. चुलतभावाने रोडग्यांकडे पाहिलं.

"मले कुठं येते?" मित्र म्हणाला.

"तुला येत नाही?"

"शिकाले इहीर लागते ना बे. कोणाच्या इहिरीत शिकलो असतो? आमी तर तुह्या भरवशावर होतो."

मग काठावर चौकशी झाली. इतक्या माणसांत एकालाही पोहता येत नव्हतं. मी शिकवीन म्हणून सगळे पंचे घेऊन आले होते. मित्राच्या वडिलांनी मला न रागावता विचारलं, "म्हंजे बाबू, समुद्राजवय राहून तू केलं काय?"

मग ते विहिरीकडे पाहत उभे राहिले. पाहुणा उतरला नाही तर आज कुणीच उतरणार नव्हतं, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं. मार्ग म्हातारीने काढला. "बादलीले पोहता येते काय? तरी जाते ना इहिरीत."

माझ्या कमरेला गोधडीची घडी गुंडाळली, तिच्यावरून मोटेचा जाड दोर बांधला आणि चार-पाच जणांनी मला खाली सोडलं. मी गरगर फिरत, दोन ठिकाणी खडकाला धडकत पाण्यापर्यंत पोचलो. पाणी इतकं गार होतं की ओरडायलाही जमलं नाही.

"हात हालव बे, हात," वरून मित्राचा आवाज आला. "लोकं पाहून राह्यले."

मी हात हलवले. काठावर टाळ्या पडल्या. गेलेला माणूस ओला होऊन परत आलेला पाहिल्यावर रांगच लागली. मित्र पाण्याला टेकला तेव्हा त्याने आईच्या नावाने अशी हाक मारली की आई भाजीचं पातेलं सोडून धावत आली.

सगळ्यांत शेवटी त्याचे वडील उतरले. पाणी गळ्याशी आल्यावर त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. ते हात हलवत नव्हते. नुसते भोवतालच्या खडकाकडे पाहत होते. ऊन विहिरीतून हळूहळू वर सरकलं. आमचे तळहात सोलवटून निघाले होते आणि रोडग्यांचा करपट वास यायला लागला होता.

"बाबा, रोडगे जयून राह्यले," मित्र खाली वाकून म्हणाला.

"जयू दे," खालून आवाज आला. "तुमी दोर धरून राहा."

आम्ही धरून राहिलो.