खिडकी नसलेली खोली

लताबाईंनी आयुष्यात एखादी गोष्ट स्वतः निवडल्याचं मखमलाबादमध्ये कुणाला आठवत नाही. घर बांधलं ते सासऱ्यांच्या मनासारखं. बागेत कुठली द्राक्षं लावायची ते नवऱ्यानं ठरवलं. स्वयंपाकाचा ओटा कुठल्या भिंतीला घ्यायचा हे तर चक्क गवंडी सांगून गेला. जावईसुद्धा लेकीनं, पूजानं, आपला आपण शोधला. लताबाई सगळ्याला "बरं" म्हणत आल्या. तक्रार म्हणून नाही, सवयच तशी.

त्यामुळं नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या मोहिनीच्या ऑफिसात त्या अडून बसल्या, तेव्हा नवरा आणि लेक दोघंही त्यांच्याकडं बघतच राहिले.

झालं होतं असं. नवऱ्याची, निवृत्तीनानांची, साठी आली. शांत करायची, गावजेवण घालायचं, हे पूजाला पटेना. ती बँकेत नोकरीला, नाशिकातच राहते. ती म्हणाली, "आई-नाना, तुम्ही आजवर कुठं गेलाच नाहीत. द्राक्षं गेली की छाटणी, छाटणी झाली की फवारणी. मी तुम्हाला बोटीवर पाठवते. मुंबईहून गोव्याला आणि परत." नाना आधी नाही म्हणाले, मग फोटो बघितले आणि हो म्हणाले. मोहिनी ही पूजाची शाळेतली मैत्रीण, सहलींची बुकिंगं करते. म्हणून एका दुपारी तिघं तिच्यासमोर जाऊन बसले.

मोहिनीनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "काका, काकू, हे बघा. ही आतली खोली, हिला खिडकी नाही. ही दुसरी, हिला गोल खिडकी, पण उघडत नाही. आणि ही तिसरी, हिला बाल्कनी. दार सरकवलं की थेट समुद्र. तुमच्यासाठी हीच घ्यायची, हो ना?"

नाना खुर्चीतून पुढं वाकले. डोळे बारीक करून बाल्कनी बघितली आणि विचारलं, "लांबीला किती हाय ही?"

"दोन खुर्च्या आणि छोटं टेबल मावतं, काका."

"खुर्च्या काढल्या तर माणूस पाय पसरून झोपंल का?"

मोहिनी हसली. तिला वाटलं काका गंमत करतायत. पूजाला तसं वाटलं नाही, आणि लताबाईंना तर मुळीच नाही.

इथं नानांची एक गोष्ट सांगायला हवी. हा माणूस घरात झोपत नाही. लग्न झालं तेव्हा शेतीची लाइट रात्री यायची. मोटार चालू करायची, पाणी फिरवायचं, म्हणून नाना गोधडी घेऊन बागेत जायचे. हिवाळ्यात गारठा वाढला की पहाटे शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर द्राक्षाचे मणी तडकतात. माल तयार झाला की राखण आलीच. अशी वर्षामागून वर्षं गेली. आता बागेवर सोलर पंप आहे, लाइट दिवसाची, राखणीला माणूस आहे. पण नानांची बाज बागेतल्या पत्र्याच्या शेडपुढंच. पाऊस असला तर शेडखाली, एवढाच काय तो फरक. विचारलं तर म्हणतात, "घरात कोंडल्यासारखं होतं." आणि ते खोटं नाही. एकदा पुण्याला पाहुण्यांच्या फ्लॅटमध्ये राहायची वेळ आली, तर रात्रभर जिन्यात बसून काढली. पाहुण्यांना वाटलं काहीतरी मानापमान झाला.

आणि लताबाईंना अंधाराची भीती वाटते. लहान मुलांना वाटते तशी, साधी, खरीखुरी. पूजा तान्ही होती तेव्हा लाइट गेली की त्या तिला उराशी धरून भिंतीला पाठ लावून बसायच्या. पुढं इन्व्हर्टर आला, तेव्हा त्यांना देव पावल्यासारखं झालं. आजही त्यांच्या खोलीतला बल्ब रात्रभर जळतो. हे पूजाला ठाऊक, शेजारणीला ठाऊक, दिवाळीला येणाऱ्या नणंदेलाही ठाऊक. ठाऊक नाही ते एकट्या नानांना, कारण अंधार पडला की ते घरात नसतातच. सुरुवातीला सांगायची लाज वाटली. पुढं राग आला, की ह्यांना आपणहून कळू नये? आणि त्याच्याही पुढं, आता या वयात काय सांगायचं, असं वाटायला लागलं. एक रात्र, एका खोलीत, नवऱ्याच्या शेजारी पडून निवांत बोलायचं, एवढं एकच मागणं त्यांच्या मनात होतं. पूजाच्या घरी राहायला गेल्या की बंद दाराआडून लेक-जावयाची कुजबूज ऐकू यायची, मधूनच हसणं. त्यांना बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

तर नाना बाल्कनीची लांबी विचारत होते आणि लताबाईंना सगळा प्रवास डोळ्यांसमोर दिसला. नाना गोधडी काढणार, खुर्च्या आत ढकलणार, बाहेर आडवे होणार. समुद्रावर जाऊनसुद्धा आपण एकट्याच.

"मला आतली खोली पायजे," त्या म्हणाल्या.

"आई, तिला खिडकीच नाही!" पूजा म्हणाली.

"नसू दे."

"अगं, पैशाकडं नको बघूस. मी देतेय ना."

"पैशाचं नाय काही."

"मग पाण्याची भीती वाटते का, काकू?" मोहिनीनं विचारलं. "बाल्कनीला चांगला उंच कठडा असतो."

"पाण्याला कोण भितंय!"

पूजानं आवाज खाली आणला. "आई, दिवा घालवला की तिथं मिट्ट काळोख होतो. तुझं काय होणार?" नाना तेवढ्यात स्क्रीनवरच्या फोटोत बोट खुपसून बघत होते. त्यांनी ऐकलं नाही.

"मी बघते माझं," लताबाई म्हणाल्या.

मग नाना चिडले. "काय खुळ्यावानी करतीस? समुद्र बघाया जायचं आन् कोंडवाड्यात बसायचं? मला नाय जमायचं. तसं असंल तर मी येतच नाय."

"नका येऊ," लताबाई म्हणाल्या. "मी एकटी जाते."

आता आली का पंचाईत! बाई कधी एकटी पंचवटीपर्यंत गेलेली नाही आणि बोटीवर निघाली. मोहिनीनं उगाच कीबोर्डवर काहीतरी बडवलं. लताबाईंना वाटलं, नाना खरंच नाही म्हणाले तर? मग ही सोन्यासारखी संधी आपल्याच हातानं घालवली म्हणायची. खरं कारण सांगावं म्हटलं तर लेकीसमोर, परक्या मुलीसमोर ते तोंडातून निघेना. त्या पर्सची चेन उघडत-मिटत बसल्या.

नानांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. औषध मारल्यावर पान का पिवळं पडलं ते कळत नाही तेव्हा बघतात तसं. मग मोहिनीकडं वळून म्हणाले, "ती म्हणती ती द्या. एवढ्या वर्षांत तिनं काय मागितलेलं मला तरी आठवत नाय."

"काका, नक्की? नंतर बदलता येणार नाही."

"द्या म्हटलं ना!"

रस्त्यात त्यांनी कारण विचारलं नाही आणि लताबाईंनी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर दोघं मुंबईला जाऊन बोटीत चढले. खोली छोटी, नीटनेटकी, तिन्ही बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला दार. नाना उंबऱ्यातच थबकले. नव्या गोठ्यात जनावर शिरायला नको म्हणतं, अगदी तसे. सोबत आणलेली गोधडी काखेत होती. एकदा लांबलचक बोळाकडं बघितलं, एकदा बायकोकडं. कपाळावर घाम आला होता. लताबाईंना त्यांची दया आली. आपण हे काय मांडलंय, असंही वाटून गेलं. चला, बाहेरच बसू डेकवर, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात नाना आत आले, गोधडी पलंगावर टाकली आणि आपल्या हातानं दार लावून घेतलं.

सकाळी बोट गोव्याला लागली आणि मोबाइलला रेंज आली. पहिला फोन पूजाचा. लताबाई खोलीतल्याच बाथरूममध्ये तोंड धूत होत्या. दार किलकिलं होतं आणि नाना फोनवर नेहमीसारखंच, बागेत माणसाला हाक मारावी तसं बोलत होते.

"झोप? कसली झोप! तुझी आई पहाटेपर्यंत बोलत व्हती. एवढं बोलती ही? मला तर ठाऊकच नव्हतं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पूजा, तिला अंधाराचं भ्या वाटतं गं. रात्री दिवा घालवला तशी माझा हात धरून बसली व्हती. तुला माहीत हाय का हे?"

पलीकडून पूजा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"सगळ्यांना?" नाना म्हणाले. "मलाच तेवढं नाय?"

लताबाईंनी नळ बंद केला. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग, डोक्यात सणक जावी असा. एवढंच तर होतं. एका रात्रीत सांगून झालं, आणि ऐकणाऱ्यानं ऐकलंसुद्धा. मग त्या सगळ्या रात्रींचं काय? त्यांना रडू कोसळलं. टॉवेल तोंडावर दाबून त्या उभ्या राहिल्या.

दारावर टकटक झाली. "लता," नाना बाहेरून म्हणाले, "ये बाहेर. मी इथंच हाय."