आधी लहान आजीला सांग

आमच्या गावात तीस वर्षांपूर्वी एक फार हुशार बाई राहत होती. पोर पडलं, झडलं की आया त्याला कडेवर घेऊन तिच्या दारात आणायच्या आणि विचारायच्या, "पाहा ना वो, दवाखान्यात न्यावं लागते का?" बाई पदर खोचून यायची, दोन बोटांनी दाबून पाहायची आणि जणू डॉक्टरकीची परीक्षा पास झाल्यासारखी मान डोलवायची. हाताला लागलं असेल तर तिची एकच कसोटी होती. पेजेनं भरलेला पितळी गडवा, तांब्याच तो, पोरासमोर ठेवायची आणि दुखऱ्या हातानं उचलून तोंडाला लावायला सांगायची. लावला, तर लचक, हळद-चुना लावा आणि घरी जा. नाही लावला, तर दवाखान्यासाठी आमगावची गाडी धरा. शाळा तिची सातवीपर्यंत. तोरा मात्र मोठ्या सर्जनचा.

ती बाई म्हणजे मी. आज ती मला रस्त्यात भेटली तर तोच गडवा तिच्या डोक्यावर उपडा करीन. पण ती भेटत नाही, आणि तिचं केलेलं निस्तरायला मी मागे उरले आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझी नात नागपूरहून सुट्टीत आली होती. आठ वर्षांची. तिला आमच्या घरी दोन आज्या आहेत: एक मी, आणि दुसरी माझी धाकटी जाऊ, जिला ती लहान आजी म्हणते. जावेचं घर अंगणापलीकडे, दहा पावलांवर. गावात ती आशाताई म्हणून काम करते, त्यामुळे सकाळी तिची फेरी असते, कोणाच्या बाळाचं वजन, कोणाच्या लसीची तारीख.

त्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना जेवायला वाढलं. नात आमरस डाव्या हातानं खात होती.

"काऊन वो, उजवा हात कुठं गहाण ठेवला?" मी विचारलं.

"असंच, आजी. डाव्या हातानं खाऊन बघते."

माझे यजमान माणूस तसे शांत, पण त्या दिवशी एकाएकी बोलके झाले. उन्हाचं बोलले, तेंदूपत्त्याचं बोलले, मग म्हणाले, "ताक आहे का वो जरासं?" आमरसावर ताक! चव्वेचाळीस वर्षांत या माणसानं आमरसावर ताक मागितलं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. नातीनं हातावर ओढून घेतलेली ओढणी मी बाजूला केली. मनगटाच्या वर हात सुजून लालसर झाला होता.

"कधी पडली?"

"सकाळी," ती म्हणाली आणि रडू लागली. "तणशीच्या ढिगावरून. आबांनी पाहिलं."

मी आबांकडे पाहिलं. आबांनी ताटाकडे पाहिलं.

सकाळपासून चार तास झाले होते. पोरगी एवढा वेळ हात लपवून घरात फिरत होती आणि नवरा पाहून न पाहिल्यासारखं करत होता. मी म्हटलं, "उठ बाई, चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

इथे मला वाटलं होतं, पोर माझ्या गळ्यात पडेल. पोर भिंतीला टेकली. "नको! तू नको नेऊस. तू पेज पाजशील आणि पट्टी बांधशील. लहान आजी येऊ दे."

मी हसले आधी. मला वाटलं, पोरीनं कुठून तरी गोष्ट ऐकली असेल. मग यजमान खाली मान घालून म्हणाले, "तिच्या मायनं लिहून देलं आहे. दप्तरात पाहा."

दप्तराच्या आतल्या कप्प्यावर कागद चिकटवलेला होता. अक्षर माझ्या लेकीचं. त्या अक्षराचा काना मी हात धरून शिकवला होता. वर लहान आजीचा फोन नंबर, जो ती फेरीवर असली की लागत नाही; खाली लिहिलं होतं: "लागलं, पडलं, ताप आला, तर आधी लहान आजीला सांग. आजीला नाही. आबांनाही हेच सांगितलं आहे."

त्या कागदाची तारीख नव्हती, पण चिकटपट्टी पिवळी पडली होती. म्हणजे मागच्या सुट्टीतही तो तिथेच होता. मागची पूर्ण सुट्टी मी या पोरीला न्हाऊ घातलं, गोष्टी सांगितल्या, आणि घरात सगळ्यांना माहीत होतं की या म्हातारीवर नजर ठेवायची.

तेवढ्यात जाऊ फेरीवरून आली. तिनं हात पाहिला, बोटं हलवायला लावली, हाताखाली लाकडी पट्टी ठेवून रुमालानं सैलसा आधार दिला आणि ऑटोवाल्याला फोन लावला. पाच मिनिटांचं काम. तिचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

ऑटोत नात तिच्या मांडीवर. मी बाजूला, औषधाच्या पिशवीसारखी.

"लेकीला तू सांगतलंस," मी म्हटलं.

"हो बाई."

"कधी?"

"डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरले गेली होती ना. तुमच्या लेकीकडेच राहिली होती मी. तेव्हा."

"तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली होतीस तू."

"घेतली होती." ती नातीच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली. "पण ती रात्रंदिवस माझ्या डोळ्यात थेंब टाके, बाई. वाकड्या हातानं टाके. माझ्याच्यानं राहवलं नाही."

आता ती शपथ कसली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सांगायला मला आवडत नाही, पण त्या हुशार बाईला वाचवण्याचं आता काही कारण उरलं नाही.

माझी लेक सात वर्षांची असताना भाताच्या बांधीच्या काठावरून घसरून कोपरावर पडली. दिवाळी नुकतीच झाली होती. मी तिच्यापुढे पेजेचा गडवा ठेवला. ती उचलेना. आता गावभर माझं नाव, आणि माझ्याच पोरीची परीक्षा अर्धवट राहते की काय! मी म्हटलं, "उचल, मंडईले नवा झगा घेऊन देईन." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं न् पाळणे, रात्री नाटक, आणि घरात उंबऱ्यापर्यंत पाहुणे. झग्याचं नाव ऐकून पोरीनं दात खाऊन गडवा उचलला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी जमलेल्या बायांना सांगत होते, "पाहा, मोडलं असतं तर उचललं असतं का?" लाच देऊन पास केलेली परीक्षा ती. तरी मी छाती काढून फिरले.

चार दिवसांनी हात खांबासारखा झाला. तेव्हाही दवाखान्यात नाही नेलं, कारण नेलं असतं तर मी चुकले असं झालं असतं. शेजारगावच्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं बांबूच्या कमट्या बांधल्या आणि बजावलं, महिनाभर सोडायच्या नाहीत. बाराव्या दिवशी आमची मंडई. पाहुणे आलेले, झगा शिवून आलेला, आणि बाही कमट्यांवरून चढेना. मग त्या हुशार बाईनं काय केलं असेल? बाही उसवली? नाही. कमट्या सोडल्या.

माझी जाऊ तेव्हा नवी नवरी, झगा हातात धरून उभी होती. म्हणाली होती, "बाई, नोको ना." मी म्हटलं, "तू गप राय, काल आली तू."

हात वाकडाच जुळला. अजूनही लेकीचं कोपर पूर्ण सरळ होत नाही. लोक विचारू लागले तेव्हा मी सांगितलं, पोरगीच वांड, पाळण्यात बसायला मिळावं म्हणून तिनंच कमट्या सोडल्या. जावेकडून शपथ घेतली. पोरगी लहान होती, शंभरदा ऐकून तिला स्वतःलाही तेच आठवू लागलं. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी हाताचं विचारलं, तर ती स्वतःच हसून म्हणाली, "माझाच आगाऊपणा." मी आतून चहा आणत होते. मी सगळ्यांना विचारलं, साखर पुरे ना.

दवाखान्यात नातीच्या हाताचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरीण तरुण होती. फोटो उजेडाला धरून म्हणाली, "लहान मुलांचं हाड हिरव्या बांबूसारखं असतं. कडकन मोडत नाही, एका बाजूनं चिरतं आणि वाकतं. त्यामुळे मूल हात हलवतं, वस्तूही उचलतं, आणि घरच्यांना वाटतं काही झालं नाही."

"वस्तू उचलली तरी मोडलेलं असू शकते?" मी विचारलं.

"असू शकतं ना, आजी. सूज असेल, दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल, मूल हात वापरायचं टाळत असेल, तर दाखवायचंच."

गावातली किती पोरं त्या गडव्यापुढून गेली, मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले.

प्लास्टर चढलं. नशिबानं हाड फार सरकलेलं नव्हतं. चार तास उशीर झाला तरी निभावलं. पण तो उशीर कोणामुळे झाला? पोरगी पडल्या पडल्या माझ्याकडे आली असती तर मी तिला त्याच पावली आणलं असतं. गडवा मी कधीचा सोडला होता. हे घरात कोणाला माहीत नव्हतं, कारण सोडला म्हणून सांगायचं तर का सोडला तेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. आधी पोरीला पाहिलं, मग फोटो, मग जावेच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "आई, चहा ठेव."

मी चुलीपाशी गेले. ती मागून आली आणि कप धुवू लागली. मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, "कमट्या मी सोडल्या होत्या."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तर भांडली काऊन नाही? मला विचारायचं. शिव्या द्यायच्या. चोरून दप्तरात कागद लावते? माझ्याच नवऱ्याला, माझ्याच जावेला, एवढ्याशा पोरीला माझ्यावर पहाऱ्याला बसवते?"

"वाट पाहत होते, आई. दर रविवारी फोन करायचे तेव्हा वाटायचं, आज सांगेल. तू मला लोणच्याचं सांगायचीस. दोन वर्षं लोणच्याचं सांगितलंस."

"आज सांगितलं ना."

"आज कागद सापडला म्हणून."

मी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. गावात आजवर मला कोणी बोलण्यात हरवलं नव्हतं! चहा उतू गेला.

तिनं पोरीला त्याच दिवशी न्यायचं ठरवलं. मी म्हटलं, प्लास्टर निघेपर्यंत राहू दे, मी पाहीन. ती हळू आवाजात म्हणाली, "काकी फेरीवर गेली तर घरी कोण असते?"

"मी असते."

"म्हणूनच नेते," ती म्हणाली.

दुपारच्या गाडीला आम्ही दोघी जावा त्यांना पोहोचवायला गेलो. नातीनं खिडकीतून डावा हात हलवला, दोघींना मिळून एकच. तो कोणाला होता हे मी विचारलं नाही.

माझी चूक मला कळते. जावेनं खरं तेच सांगितलं, आणि त्या खऱ्यामुळे पोरीचा हात नीट होईल, हेही कळते. तरी तिला मी अजून माफ केलेलं नाही. खोट्यात तीस वर्षं तिनं मला साथ दिली होती. ती साथ तुटल्याचं दुःख कोणाजवळ सांगायचं? सांगायची एकच जागा होती, ती तीच.

गाडी गेल्यावर ती म्हणाली, "चला वो बाई, ऊन लागून राहिलं."

मी तिच्या पुढे चालू लागले, चांगली दहा पावलं पुढे. पण मोठी जाऊ म्हणून मी नेहमीच तिच्या पुढे चालत आले आहे. त्यामुळे मी रागावले आहे हे तिला कळलं की नाही, कोण जाणे.