जाफरभाई आणि गोठलेलं दव

जाफरभाईंचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. लोणंदच्या कांदा बाजारात हमाली करत होते तेव्हाही चारलाच व्हायचा. हमाली सुटून बरीच वर्षं झाली, पण ती गोष्ट अजून अंगाला पटलेली नाही. पूर्वी उठून पोतं पाठीवर घ्यायचे. आता अंगणात उभं राहून आभाळ बघतात.

आभाळ बघायचा नाद बाजारानंच लावला. कांद्याचे ढीग उघड्यावर पडलेले. ढग आला की ताडपत्री ओढायची ती हमालांनीच. उशीर झाला तर पोती भिजून जड होणार आणि ती आपल्याच पाठीवर येणार. दुसऱ्याचा माल उघडा राहिला तर जाफरभाईंना घास उतरत नसे. ती खोड अजून आहे.

नादाला जोडीदार मिळाले हंबीरराव. हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले, अर्धी नोकरी काश्मीरच्या बर्फात काढलेली. त्यांच्या मोबाईलवर ‘थंडीवाले’ नावाचा गट आहे. इस्लामपूरचे एक मास्तर, रहिमतपूरचा एक सोनार, असे पाचपन्नास लोक. हिवाळा लागला की कुणाच्या गावचा पारा खाली, यावर त्यांची भांडणं चालतात. त्यांचा ठोकताळा साधा. तिकडं हिमालयात वादळ आलं, बर्फ पडलं आणि वादळ पुढं सरकलं, की उत्तरेचा वारा सुटतो. दोन-तीन दिवसांत गारठा आपल्याकडं पोचतो. मग एका रात्री आभाळ स्वच्छ हवं आणि वारा पडलेला हवा. तसं जुळलं तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं आणि जमीन पांढरी होते.

हंबीररावांच्या बर्फाच्या गोष्टी ऐकून ऐकून जाफरभाईंच्या बायकोला, जन्नतबीला, एकदा पांढरी जमीन बघायची होती. काश्मीर जमण्यातलं नव्हतं. “वेण्णा तलाव दावीन,” असा शब्द जाफरभाईंनी दिला. तीन हिवाळे तो फुकट गेला. एकदा ढग आले, एकदा वारा सुटला. तिसऱ्या खेपेला सगळं जुळलं होतं, पण एसटी पोचेपर्यंत उन्हानं गवत चाटून पुसून घेतलं होतं. त्यात जन्नतबीला घाट लागतो. पसरणीचा घाट चढायचा म्हणजे तिला पिशवी हातात धरूनच बसावं लागतं.

यंदा ती म्हणाली, “ह्या खेपेला शेवटचं. दिसलं तर दिसलं. परत त्या घाटात मी पाय ठेवायची न्हाई.”

जानेवारीत हंबीररावांनी हाक मारली. “जाफर, गड्या, वरती लय पडलंय! श्रीनगरचा रस्ता बंद हाय.”

“सरकलं का पुढं?”

“कालच. परवाची रात आपली.”

या वेळी मुक्काम करायचा ठरला. हंबीररावांची बहीण राहीबाई महाबळेश्वरच्या बाजूलाच दिलेली. तिचा नवरा कोंडीबा स्ट्रॉबेरी करतो. तलावाच्या खालच्या अंगाला त्याचं खोलगट रान. तिघं दुपारी जाऊन पोचले. जन्नतबी पिवळी पडली होती, पण हसत होती.

अंगणात चहा घेताना हंबीररावांनी मोबाईल दाखवला. “दाजी, आज रात्री तुमच्या रानात दव गोठणार बघा. लिहून घ्या.”

कोंडीबानं कप खाली ठेवला. “आवं पाव्हणं, तुमी बर्फ मागायला आलाय व्हय? आन् माझ्याच घरात ऱ्हाऊन? फळ लागलंय झाडाला. दव गोठलं की पान करपतंय, फूल काळं पडतंय.”

“मग झाकत का न्हाई?” हंबीररावांनी विचारलं.

“गडी कुठायत? दोघं होती, ती जत्रेला गेली. मी आन् ही मिळून किती झाकणार?”

जन्नतबी ऐकत होती. ती जाफरभाईंना हळूच म्हणाली, “आवं, मग नकोच पडू दे. गरिबाचं वाटुळं करून मला काय बघायचंय?”

“ते काय आपल्याला इचारून पडतंय व्हय?” जाफरभाई उठले. “कोंडीबा, झाकायला काय हाय?”

राहीबाईनं घरातल्या जुन्या साड्या काढल्या. हिरव्या, लाल, जांभळ्या. शेजारच्या चार घरांतून आणखी आल्या. थोडं पांढरं कापड होतं.

हंबीररावांनी जाफरभाईंना बाजूला घेतलं. “अरं, सगळं रान झाकलंस तर सकाळी बघायचं काय? सगळ्यात जास्त हितंच पडतंय. भाभीला काय दावणार, साड्या?”

लोणंदला ताडपत्री टाकली की दव तिच्यावर पडून नुसतं ओलं होतं, हे जाफरभाईंनी जन्मभर बघितलेलं. इथंही तसंच होणार, असं दोघं धरून चालले होते. म्हणजे शब्द या खेपेलाही फुकटच. त्यांनी एकदा जन्नतबीकडं बघितलं. ती आधीच साड्यांच्या घड्या उलगडत होती.

“माल उघडा हाय, हंबीर,” ते एवढंच म्हणाले.

मग ते कामाला लागले. काम म्हणजे काम. आधी वाफ्यांवर काटक्या रोवल्या, कापड पानाला टेकू नये म्हणून. वाऱ्याच्या अंगानं सुरुवात केली. कौलावर कौल चढवतात तसा एका साडीचा पदर दुसरीवर चढवला. कडेला दगड. हंबीररावांनी एक साडी ढिली सोडली, तर ती त्यांना परत काढायला लावली.

“फौजेत सुभेदार बरा हुता,” हंबीरराव पुटपुटले.

“सुभेदाराला पोतं उचलावं लागत नव्हतं.”

अंधार पडला तेव्हा शेवटचा वाफा झाकला. कंबर बोलत होती. आभाळात एक ढग नव्हता आणि पान हलत नव्हतं. ऐन जुळलेली रात्र. जाफरभाई जेवले आणि घोंगडी ओढून झोपले.

चारला जाग आली. उजाडेपर्यंत ते कसेबसे पडून राहिले. फटफटलं तसं त्यांनी दार उघडलं आणि दारातच थबकले.

रान पांढरं होतं. हिरवं, लाल, जांभळं काही दिसत नव्हतं. साड्यांवर दव पडलं होतं आणि पडल्या जागी गोठलं होतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत मीठ पसरल्यासारखं. पदरांच्या सुरकुत्यासुद्धा पांढऱ्या. बांधावरचं गवतही पांढरं.

“जन्नत!” त्यांनी हाक मारली. चारचौघांत ते तिला कधी नावानं हाक मारत नाहीत.

जन्नतबी आली. तिनं चपला काढल्या. धुतलेल्या चादरीवर चपलेनं कोण जातं? अनवाणी ती बांधावरून चालत गेली. गवत पायाखाली करकरत होतं. पार टोकापर्यंत गेली, वळली आणि तिथूनच ओरडली, “हंबीरभाऊ, तुमी कवा सांगितलं न्हाई, ह्याला आवाज असतोय म्हणून!”

हंबीरराव फोटो काढण्यात गुंग होते. इस्लामपूरच्या मास्तरांना जळवायचं होतं.

कोंडीबानं एक साडी उचलून खाली बघितलं. पानं हिरवीगार, फुलं शाबूत. “तुमाला काय वाटलं, झाकलं की पडायचं थांबतंय?” जाफरभाईंचा चकित चेहरा बघून तो हसत सुटला. “पडायचं ते पडतंयच. आमी फक्त मधी कापड घालतो. काल इचारायचं तरी!”

निघताना कोंडीबानं पैसे पुढं केले. हंबीरराव चिडले. “नात्यात पैसं देताय व्हय, दाजी?”

जाफरभाईंनी हात पुढं केला. “जेवलो ते पाव्हणा म्हणून. झाकलं ते गडी म्हणून. दोन्ही येगळं.” त्यांनी मजुरी घेतली आणि खिशात ठेवली.

जन्नतबीचे पाय अजून लाल होते. बोटं बधिर झालीत म्हणाली, पण तक्रार म्हणून नव्हे. एसटीला वेळ होता. जाफरभाई तिला बाजारपेठेत घेऊन गेले. लोकरीच्या दुकानात त्यांनी मोजे उलटे करून शिवण बघितली, ताणून बघितले, दोन जोड नाकारले. तिसरा जोड जाड होता, लालभडक. त्यांनी खिशातली मजुरी दुकानदाराच्या हातावर ठेवली, आणि जन्नतबीनं तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून मोजे पायात चढवले.