करपाबाई

करपलेलं कणीस दिसलं की आमच्या बाई खुश व्हायच्या. पिकांच्या रोगांचा अभ्यास करायला त्या साखरशेत गावी आमच्या शेतावर पहिल्यांदा आल्या, तेव्हा नाचणी करपा रोगाने काळी पडली होती. बाई कणसं कापून कागदी पिशवीत भरत म्हणाल्या, "वा, काय सुंदर नमुना!" बाबा बघतच राहिले. "ही बाय आमच्या नुकसानीवर हसते का काय?" तेव्हापासून गाव त्यांना करपाबाई म्हणू लागलं. बाईंना नाव आवडलं.

मी तेव्हा जव्हारच्या कॉलेजात होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. पदवीनंतर बाईंनीच मला शहरातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे करप्याच्या बुरशीवर अतिनील किरणं सोडून तिच्या जनुकांत बिघाड करायचे, मग ती कुंड्यांतल्या नाचणीच्या रोपांवर फवारून कोणत्या बिघाडानंतर रोग लागत नाही ते पाहायचं. "चोराचं कुठलं बोट कापलं की कुलूप उघडत नाही, तेवढंच शोधायचंय," असं त्या सांगत.

प्रयोगशाळेतली चप्पल घालून कुणी दाराबाहेर पडलं की बाई ओरडायच्या, "माझी बुरशी तुझ्या बापाच्या शेतात न्यायचीय का?"

बुरशीत कितीही बिघाड केले तरी रोपं करपतच राहिली. माझी पीएच.डी. त्या कुंड्यांवर अडली होती. शेवटी एका कुंडीतली रोपं हिरवी राहिली. तिच्यावरच्या बुरशीत कुठलं जनुक मोडलंय, तेही सापडलं. मी पेढे आणले. पेढा खात बाई म्हणाल्या, "आता त्या जनुकाची धड प्रत बुरशीत परत घाल."

मी हादरलेच. "बाई, म्हणजे पुन्हा रोग लागेल!"

"लागायलाच हवा. नाही लागला, तर आपण भलतंच बोट कापलंय."

फोनवर बाबा उखडले. "सुधारलेलं परत बिघडवायचं? येडी हाय तुझी बाय!" मी त्यांना चोराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मंग काय झालं ते सांग."

धड प्रत घातलेल्या नव्या बुरशीची फवारणी झाली. बाई मोखाड्याला नमुने आणायला गेल्या आणि तिथेच बांधावर कोसळल्या. सकाळी फोनवर "ठिपके दिसले का गं?" म्हणून विचारणाऱ्या बाई दुपारी नव्हत्या. मला काही कळेचना. स्मशानातही मी त्यांच्या फोनची वाट पाहत होते.

दुसऱ्या सकाळी काचघरात गेले. मोडक्या जनुकाच्या बुरशीची कुंडी हिरवीगार होती. शेजारच्या, नव्या बुरशीच्या कुंडीत पानापानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके. दाखवायला कुणी नव्हतं. मी घरी फोन लावला.

"बाबा, बाई गेल्या."

बाबांनी विचारलं, "आन् ती कुंडी?"

"करपली."

"समदी?"

"सगळी."

"मंग बायचं बरोबर होतं." बाबा म्हणाले. "तिच्या घरी सांग जा पोरी. आजच सांग."