तारेतली लाइट

कोकरे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी जळोचीतल्या घरी चहा घेत होतो. अंथुर्ण्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन होता. "दत्तादादा, आबा गेलं... तारंला चिकटलं." तार म्हटल्यावर पुढचं मला ऐकावं लागलं नाही.

सरांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबत नसत, तो कुठून आला तेही शोधायला लावत. एकदा धड्यात 'फेन्स' आला. हा 'डिफेन्स'चाच तुटका तुकडा, ते म्हणाले, आणि आणखी मागं लॅटिनमध्ये गेलं तर तिथं अर्थ निघतो मारून दूर लोटणं. "म्हंजी बघा, सोताला राखायच्या शब्दाच्या पोटात मार हाय." मग वडिलांची वाघर आठवली त्यांना. मेंढरं बसवली की भोवती उभी करायची दोरीची जाळी. "आमची वाघर कुणाला मारत न्हवती. लांडगा आला तर कुत्री भुकायची, म्हातारा उठायचा. राखायचं म्हंजी जागं ऱ्हायचं." मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आन् आमी वर्गात झोपलो तर?" "तर लांडगा मीच!"

निवृत्तीनंतर सरांनी मका केला आणि रानडुकरांनी तो लोळवला. मग त्यांनी भोवती तार ओढून बॅटरीवरचं झटका मशीन बसवलं; त्याचा नुसता हिसका बसतो, जीव जात नाही. त्याचीही त्यांना लाज वाटे. "वडील म्हणाले असते, मास्तर झोपाया लागला."

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बॅटरी उतरलीया. शेजारचं म्हणत्यात, आजच्यापुरती घरातली लाइट सोडा तारंत. काय करू?" मी पुस्तकात बोट घालून बसलो होतो, तसं त्यांना सांगितलंही होतं. म्हणालो, "एका रात्रीनं काय होतंय, सर?"

"व्हय ना?" ते म्हणाले. मग थांबले... मी काहीच बोललो नाही.

"बरं. वाच तू."

पहाटे लाइट गेली. आमच्याकडे लाइट गेली की माणूस तार मेली असं धरून चालतो, सगळेच धरतात. उजाडल्यावर सर तार सोडवायला गेले. ती हातात असतानाच लाइट आली.

दहाव्यानंतर काकूंनी सरांचा मोबाइल माझ्यापुढं धरला. "पुतण्या म्हणतोय, ह्यांचा शेवटचा फोन तुलाच हाय. काय म्हणत हुते रं?"

"एका शब्दाचं विचारत होते," मी म्हणालो.

"शब्दाचंच असणार," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा जराशा हसल्या.

त्यानंतर मी तीनदा त्या घरी गेलो. तिन्ही वेळा त्यांनी आल्यागेल्याला तेच सांगितलं, शेवटपर्यंत शब्दच शोधत हुते म्हणून. मी शेजारी बसून मान हलवली. रात्री डोळे मिटले की फोनवरची ती शांतता ऐकू येते. ते माझ्या 'नको'ची वाट पाहत होते.

काकूंना वाचता येत नाही. हे छापून आलं की मी सकाळच्या एसटीनं अंथुर्ण्याला जाणार आहे. त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचणार आहे, आणि त्या फोनपाशी आलो की एकही ओळ गाळणार नाही.