डावी रांग, उजवी रांग

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना रोग आहे. नर्सिंग कॉलेजात शिकवतानाही मी टेबलाला टेकून दोन वाक्यं बोलते आणि तिसऱ्या वाक्याला खिडकीशी असते. पीएचडी करणाऱ्या माणसाला हा रोग असू नये. तिथे थांबावं लागतं, आणि थांबणं मला कधी जमलं नाही. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं, हे आधीच सांगून टाकते.

विषय मला शोधावा लागला नाही. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला नर्सिंगची विद्यार्थिनी होते. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं जीपमधून, ट्रकमधून येत होती. वॉर्ड भरले तसे आम्ही व्हरांड्यात गाद्या टाकल्या. पाठीचा कणा मोडलेली कितीतरी माणसं वाचली. बाहेरगावचे डॉक्टर आले, ऑपरेशनं करून गेले. मग काही आठवड्यांनी त्या वाचलेल्या माणसांच्या माकडहाडाला, टाचांना जखमा पडायला लागल्या. हलता येत नाही, म्हणून तासन्‌तास एकाच अंगावर पडून राहिल्याच्या जखमा. कुणीतरी दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला हवी होती. आम्ही मूठभर पोरी. जमतील तेवढ्या खाटा करायचो, बाकीच्या राहून जायच्या. एका बाईनं माझा हात धरला होता. "पोरी, जरा कडेला वळव गं, पाठ जळून राहिली." मी "आले हं" म्हटलं आणि दुसरीकडे गेले. परत गेले तेव्हा फार उशीर झाला होता, पाठीला जखम पडली होती.

पुढे मी शिकवायला लागले, संसार झाला, पण हे डोक्यातून गेलं नाही. पीएचडीला नाव घातलं तेव्हा प्रश्न तयारच होता. लकवा झालेल्या माणसाच्या नातेवाइकाला कूस बदलायला नीट शिकवलं, तर पडून राहिल्याच्या या जखमा, म्हणजे बेडसोर, टळतात का? उत्तर मला माहीत होतं. पण "मला माहीत आहे" याला कागदावर काडीची किंमत नाही. सिद्ध केलं, तर प्रत्येक नातेवाइकाला शिकवणं हा वॉर्डातल्या कामाचाच भाग करा, असं ठणकावून सांगता आलं असतं. आणि नावापुढे डॉक्टर लागावं असंही वाटत होतंच, खोटं कशाला बोलू?

माझ्या गाईड मॅडम नांदेडच्या. बोलणं मोजकं, लाल पेन मात्र सढळ. त्यांनी मला पद्धत समजावून सांगितली. "आधी काही महिने कुणालाही शिकवू नका. वॉर्डात नेहमीची शुश्रूषा चालते तशी चालू द्या आणि नुसत्या नोंदी घ्या. हा झाला पहिला गट. तो संपला की शिकवायला लागा. तो दुसरा. एकाच वॉर्डात एकाच वेळी दोन्ही गट ठेवाल तर भेसळ होईल. बायका एकमेकींना सांगतात."

म्हणजे आणखी एक वर्ष! परतीच्या एसटीत माझ्या शेजारी एक मुलगी मांडीवर वही ठेवून प्रश्न सोडवत होती. पुढच्या सीटवर दोघं टेस्टच्या मार्कांवरून भांडत होते. लातूर जवळ आलं तशा क्लासच्या पाट्या सुरू झाल्या, प्रत्येक पाटीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. दहावीचा निकाल लागायच्या आत इथे पोरांची बारावीची तयारी सुरू होते. अख्ख्या गावाला घाई, आणि मी एकटीनंच का म्हणून थांबायचं? मी बसमध्ये मनातल्या मनात मॅडमशी भांडले आणि पुढच्या खेपेला प्रत्यक्ष भांडले. वॉर्डाच्या मधून रस्ता आहे, मी म्हटलं. चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटू. डाव्या रांगेला शिकवायचं, उजवीला नाही. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," म्हणाल्या, आणि सही केली.

लातूरच्याच दवाखान्यातला बायकांचा मेडिकल वॉर्ड होता. डाव्या रांगेत मुरुडकडची एक सून होती, सासूला घेऊन आलेली. पोरांच्या क्लाससाठी ती लातुरात खोली करून राहत होती. सकाळी पोरांचे डबे करून दवाखान्यात यायची, संध्याकाळी परत धावायची. अशी हुशार बाई मी क्वचितच पाहिली. सासूच्या अंगाखाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत चार पदरी चादर कशी घालायची, चादरीची कड धरून कूस कशी वळवायची, गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, हे तिनं एका खेपेत उचललं. माणसाला दंडाला धरून कधी ओढायचं नाही, ओढलं की कातडी गादीला घासते आणि सोलते, हे मी तिला सांगितलं. तिनं ते मलाच परत म्हणून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी तिनं मला दाराशी गाठलं. "सिस्टर, समोरच्या खाटेवरची पोरगी विचारून राहिली. तिला बी दाखवू का?"

समोरची खाट उजव्या रांगेत. तिथे निलंग्याची एक म्हातारी होती, किराणा दुकानवाल्यांच्या घरातली. उजवं अंग पूर्ण गेलेलं, वाचाही गेलेली. सोबत तिची लेक. ती आईला अव्वा म्हणायची आणि दिवसभर तिचे पाय चोळत बसायची.

"नको," मी म्हटलं. "आत्ता नको, ताई. हा अभ्यास आहे. एका रांगेला शिकवायचं, दुसरीला नाही, मगच फरक कळतो."

मला वाटलं होतं ती हुज्जत घालेल. घालायला हवी होती. पण तिनं मान डोलावली. "हाव, कळलं. आमच्या पोराच्या क्लासात बी असंच हाय. नोट्स दुसऱ्या क्लासच्या पोराला दाखवायच्या न्हाईत म्हणतेत."

आणि मला बरं वाटलं! त्या वाक्यानं माझी कानशिलं तापायला हवी होती. त्याऐवजी किती समजूतदार बाई आहे, असं मनात म्हणत मी वहीत नोंद घ्यायला गेले.

नंतरचे दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत होते. डाव्या रांगेत थांबायचं, उजव्या रांगेत नुसतं बघायचं. उजवीकडच्या बायकांची कूस वॉर्डातल्या नर्सेस बदलायच्या, जमेल तेव्हा. आणि ते कधी जमतं, कधी नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? हात शिवशिवायचे. चहा पुढ्यात आला की निवून जायचा. उजव्या रांगेला हात लावायचा नाही, हा नियम मीच केला होता आणि मीच पाळत होते. घरी चिडचिड, कॉलेजात चिडचिड. कुणी विचारलं की सांगायची, डेटा कलेक्शन चालू आहे.

एका सकाळी नोंदीसाठी मी त्या म्हातारीची पाठ बघितली. माकडहाडाच्या बाजूला तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती, खाली लाल मांस. एका जागी पडून राहिल्यानं जखम होते ती आधी अशी दिसत नाही. ही घासल्याची जखम होती.

"हे कशानं झालं? हिला कुणी ओढलं का?" माझा आवाज चढला.

लेक घाबरली. "मीच वळवून राहिले की अव्वाला. समोरची बाई वळवती तवा मी बी वळवते. तिचं बघून बघून."

"कसं वळवतेस, दाखव."

तिनं आईचा दंड धरला आणि आपल्याकडे ओढला. गादीवरून अंग घासत आलं. बोलता न येणाऱ्या म्हातारीनं नुसता चेहरा वाकडा केला. समोरच्या खाटेवरचं तिला इथून सगळं दिसत होतं, कूस कधी बदलते तेसुद्धा. अंगाखालची चादर तेवढी दिसत नव्हती.

"तिला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं, आणि म्हणताक्षणीच जीभ चावली.

"इचारलं होतं," ती म्हणाली. "म्हणली, सिस्टरला पुसून सांगते. मग म्हणली, न्हाई सांगायचं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आता सांगता का?"

मी चादर घेतली, चार पदर केले, आणि तिला शिकवलं. ती एकदाच बघून शिकली. मग मी उजव्या रांगेतल्या प्रत्येक खाटेशी जाऊन शिकवलं. मुरुडची सून समोरून बघत होती. माझी नजर तिच्याकडे गेली तशी तिनं सासूचं पांघरूण नीट करायला घेतलं.

मॅडमना फोन केला. मला वाटलं ओरडतील. त्या फक्त म्हणाल्या, "जखम नीट भरते आहे ना ते बघा. दोन्ही रांगांच्या नोंदी काढून टाका. पहिल्यापासून सुरू करा, मी सांगितलं होतं तसं." ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुन्हा सुरू केलं, या वेळी थांबून. वर्ष गेलं, वर आणखी थोडं गेलं, आणि डॉक्टरेट मिळाली. माझ्या प्रबंधात त्या दोन रांगांचा उल्लेख एका ओळीत आहे: पहिली मांडणी सदोष ठरल्याने रद्द केली. तोंडी परीक्षेत त्या ओळीबद्दल कुणी विचारलं नाही.

म्हातारीला घरचे निलंग्याला घेऊन गेले तेव्हा जखम भरली नव्हती. अभ्यासातल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी महिन्यानं फोन करून पाठ कशी आहे ते विचारायचं, असं माझ्याच आराखड्यात लिहिलेलं होतं. लेकीनं फॉर्मवर आपला नंबर स्वतःच्या हातानं लिहिला होता, मोठ्या, सुट्या आकड्यांत. महिना झाला त्या दिवशी मी तो फॉर्म काढला, फोन हातात घेतला, आणि उठून खिडकीशी गेले. रद्द केलेल्या नोंदींना फोन करायचा नसतो, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे ती काय सांगेल याची मला भीती वाटली. मी फोन केला नाही, नंतरही कधी केला नाही.